फिटनंतर उरलेलं: रेसिड्युअल फाइलमध्ये कसे साठवावेत

स्पेक्ट्रमवर मॉडेल बसवून झालं, काय-स्क्वेअर (मॉडेल डेटाशी किती जुळलं याचं माप) बरा आला, आलेखाच्या खालच्या पट्टीत रेसिड्युअल, म्हणजे डेटा आणि मॉडेल यांतले फरक, शून्याच्या वर-खाली पसरलेले दिसले, की बहुतेक जण पीएनजी काढतात आणि पुढच्या कामाला लागतात. अडचण नंतर येते. गाइड म्हणतात, याच स्रोताच्या दुसऱ्या निरीक्षणाचे रेसिड्युअल शेजारी ठेवून दाखव. शोधनिबंधाचा रेफरी विचारतो, २ केईव्ही ऊर्जेजवळचा तो उंचवटा एकाच बिनमध्ये (ऊर्जेच्या कप्प्यात) आहे की सलग चार बिनमध्ये? चित्रातून आकडे निघत नाहीत, आणि फिट पुन्हा करायला बसावं तर ग्रुपिंग, म्हणजे शेजारचे चॅनेल एकत्र बांधणं, किती धरलं होतं ते आठवत नाही.

रेसिड्युअल फाइलमध्ये उतरवण्याची आज्ञा एका ओळीची आहे. पण ती फाइल सहा महिन्यांनी उघडल्यावर कामाला यायची असेल तर चार गोष्टी तिच्यासोबत असाव्या लागतात: डेटा कुठल्या ऊर्जापट्ट्यातला, ग्रुपिंग कसं, आकड्यांचं एकक काय, आणि त्रुटी कुठल्या स्टॅटिस्टिकने (फिट जोखायच्या सूत्राने) काढल्या. या चारांतली एक जरी बदलली तरी त्याच फिटचे रेसिड्युअल वेगळे येतात. म्हणून या लेखात आज्ञेपेक्षा या चार गोष्टींवर जास्त वेळ घालवला आहे.

मुख्य उदाहरण शेर्पाचं घेऊ. चंद्रा एक्स-रे वेधशाळेच्या चाओ या सॉफ्टवेअर संचातला हा फिटिंगचा भाग, आणि तो पायथनमधून स्वतंत्रपणेही बसवता येतो. पुढे एक्सस्पेक हा दुसरा फिटिंगचा प्रोग्राम येईल, कारण ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाच्या डेटावर काम करणारे आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी तेच वापरतात. शेवटी प्रतिमा आणि रेडिओ डेटाकडे धावती नजर. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लहान अक्षरांत, अंडरस्कोर असेल तिथे अंडरस्कोरसकट लिहायच्या; पायथनमधल्या ट्रू, प्लॉट, टेबल यांचं पहिलं अक्षर मात्र मोठं.

आधी ठरवा: कुठलं रेसिड्युअल?

"रेसिड्युअल" म्हणून किमान तीन वेगळे आकडे फिरत असतात. साधी वजाबाकी, म्हणजे डेटा उणे मॉडेल; शेर्पात आणि एक्सस्पेकमध्ये हिला रेसिड म्हणतात. तीच वजाबाकी त्या बिनच्या त्रुटीने भागली की डेल्ची. आणि डेटा भागिले मॉडेल म्हणजे रेशो. कॅलिब्रेशनमधला दोष शोधायचा असेल तर रेशो चांगला, कारण तो स्रोत किती तेजस्वी आहे यावर फारसा अवलंबून नसतो. एखादी वर्णरेषा खरी आहे का हे बघायचं तर डेल्ची. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामला आकडे पुरवायचे असतील तर साधी वजाबाकी, पण त्रुटीचा स्तंभ सोबत हवाच.

डेल्चीबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. एका बिनमध्ये २० काउंट (मोजलेले फोटॉन) आहेत आणि मॉडेल तिथे १२ सांगतं असं धरू. पार्श्वभूमी सध्या बाजूला ठेवू. वजाबाकी ८. शेर्पाचं न सांगता लागू असलेलं स्टॅटिस्टिक काय-टू-गेहरेल्स, त्यात त्रुटी म्हणजे १ अधिक (काउंट अधिक ०.७५) चं वर्गमूळ, म्हणजे इथे ५.५६. डेल्ची आली १.४४. स्टॅटिस्टिक काय-टू-डेटाव्हार केलं तर त्रुटी २० चं वर्गमूळ, ४.४७, आणि डेल्ची १.७९. त्रुटी मॉडेलच्या काउंटवरून काढली, म्हणजे १२ चं वर्गमूळ ३.४६ घेतलं, तर डेल्ची २.३१. बिन तोच, काउंट तेच, मॉडेल तेच. एका फाइलमध्ये दीड सिग्माच्या आत, दुसरीत सव्वादोनच्या पुढे. काउंट कमी असलेल्या स्पेक्ट्रममध्ये हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो. गेहरेल्सने त्रुटी मोठ्या धरल्या जातात, त्यामुळे रिड्यूस्ड काय-स्क्वेअर १ च्या बराच खाली येतो आणि "फिट फारच छान" असा भास होतो.

तेव्हा स्टॅटिस्टिकचं नाव न लिहिता डेल्चीचा स्तंभ कोणाला पाठवू नये, असं माझं मत आहे.

शेर्पात तयारी

सरावाला ३सी २७३ या क्वेसारचा चंद्राचा स्पेक्ट्रम घेऊ. शेर्पाच्या सरावपाठांसोबत मिळणाऱ्या नमुना डेटात तो असतो. खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये याच्याच वर्णरेषांवरून ताम्रसृती ०.१५८ आहे हे ओळखलं, आणि पुढे हा स्रोत एक्स-रे दुर्बिणींच्या कॅलिब्रेशनसाठी वारंवार पाहिला गेला.

लोड_पीएचए("३सी२७३.पीआय")

स्पेक्ट्रमच्या या (पीएचए) फाइलच्या हेडरमध्ये एआरएफ (दुर्बिणीची संवेदनशीलता), आरएमएफ (डिटेक्टरचा ऊर्जा-प्रतिसाद) आणि पार्श्वभूमीच्या फाइलींची नावं असतील आणि त्या फाइली त्याच फोल्डरमध्ये असतील, तर शेर्पा त्या आपोआप उचलतो आणि उचलल्या म्हणून पडद्यावर सांगतो. ही ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. एआरएफ न मिळताही फिट होतं, फक्त त्याला अर्थ नसतो.

ग्रुप_काउंट्स(१, २०)
नोटिस(०.५, ७)
सबट्रॅक्ट()

क्रम असाच ठेवा: आधी ग्रुपिंग, मग ऊर्जापट्टा. पट्ट्याची सीमा एखाद्या ग्रुपच्या मधोमध पडली तर प्रत्यक्षात वापरलेला पट्टा तुम्ही लिहिलेल्या आकड्यांपेक्षा थोडा वेगळा येतो. शो_फिल्टर() दिल्यावर खरा पट्टा दिसतो. टिपणात लिहायचा तो हा, मनातला ०.५ ते ७ नव्हे.

सेट_सोर्स(एक्सएस-फॅब्स.गॅल * पॉवलॉ१डी.पीएल)
फिट()

(प्रत्यक्ष आज्ञेत एक्सएस-फॅब्स हा एकच सलग शब्द आहे.) आपल्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनचं शोषण या दिशेला कमी आहे. १०^२२ प्रति चौरस सेंटीमीटर या एककात ते साधारण ०.०१८ भरतं, त्यामुळे हा पॅरामीटर फ्रीझ (स्थिर) करून ठेवला तरी चालतो. फिट झाल्यावर एकदा प्लॉट_फिट_डेल्ची() चालवून डोळ्यांनी बघा. जे आलेखात दिसतं तेच फाइलमध्ये जाणार आहे. हे वाक्य पुढे अनेक ठिकाणी लागेल.

एका ओळीचं काम

सेव्ह_रेसिड("३सी२७३_रेसिड.डॅट", ॲस्की=ट्रू, क्लॉबर=ट्रू)

ॲस्की=ट्रू लिहिलं नाही तर शेर्पा फिट्स या खगोलशास्त्रातल्या फाइल-स्वरूपातला बायनरी तक्ता लिहितो, नावाच्या शेवटी काहीही असो. मग एडिटरमध्ये उघडल्यावर कचरा दिसतो आणि माणूस घाबरतो. क्लॉबर=ट्रू नसेल आणि त्या नावाची फाइल आधीच असेल तर शेर्पा चूक दाखवून थांबतो, जुनी फाइल पुसत नाही. दोन्ही बरोबरच वागणं आहे. स्क्रिप्टमध्ये क्लॉबर चालू ठेवा, हाताने काम करताना बंद ठेवा.

डेल्ची हवी तर सेव्ह_डेल्ची, त्याच पद्धतीने. अनेक डेटासेट असतील तर पहिल्या जागी त्याचा क्रमांक द्या: सेव्ह_रेसिड(२, "दुसरा.डॅट", ॲस्की=ट्रू). पार्श्वभूमी वजा न करता तिचंही मॉडेल बसवलं असेल तर बीकेजी_आयडी=१ जोडल्यावर पार्श्वभूमीच्या फिटचे रेसिड्युअल मिळतात. सगळे डेटासेट एकदम उतरवायचे तर लिस्ट_डेटा_आयडीज() वर पायथनचं साधं लूप फिरवा आणि फाइलच्या नावात क्रमांक घाला.

फाइल उघडली की दोन स्तंभ दिसतील, एक्स आणि रेसिड. इथेच तीन गोष्टी लक्षात येतात.

पहिली, एकक. हे आकडे शेर्पा आलेखाच्या आज्ञेतूनच घेतो. म्हणजे आलेखाच्या उभ्या अक्षावर काउंट प्रति सेकंद प्रति केईव्ही असेल तर फाइलमध्येही तेच, निव्वळ काउंट नव्हे. सेट_ॲनालिसिसने आडवा अक्ष चॅनेल किंवा तरंगलांबी केला, किंवा दराऐवजी काउंट मागितले, की फाइलमधले आकडे बदलतात. साठवण्याच्या अगदी आधी ही आज्ञा स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहून टाकावी: सेट_ॲनालिसिस(१, "एनर्जी", "रेट"). डेल्ची मात्र यातून सुटते, कारण वर आणि खाली एकच एकक असल्याने ते कटतं.

दुसरी, ग्रुपिंग आणि फिल्टर. फाइलमध्ये फक्त चालू पट्ट्यातले, ग्रुप केलेले बिन येतात. मूळ डेटात हजारभर चॅनेल आणि फाइलमध्ये जेमतेम काही डझन ओळी दिसल्या तर गोंधळू नका, तसंच व्हायला हवं.

तिसरी, आणि मला सगळ्यात खटकणारी: एक्स म्हणजे बिनचा मध्य, बिनची रुंदी कुठेच नाही. त्रुटीही नाही. वीस काउंटचे ग्रुप ६ केईव्हीजवळ रुंद होत जातात, आणि रुंदी माहीत नसताना तिथला एक ठिपका रेषेचा आहे की पट्ट्याचा हे सांगता येत नाही. म्हणून ही आज्ञा झटपट बघण्यापुरती ठीक. कायमची फाइल स्वतः बनवावी.

स्वतःचा तक्ता बनवणं

एफ = गेट_फिट_प्लॉट()
आर = गेट_रेसिड_प्लॉट()
डी = गेट_डेल्ची_प्लॉट()

एफमध्ये दोन भाग असतात, डेटाप्लॉट आणि मॉडेलप्लॉट. हवे ते स्तंभ असे: एफ.मॉडेलप्लॉट.एक्सलो आणि एफ.मॉडेलप्लॉट.एक्सहाय (बिनच्या दोन्ही कडा), एफ.डेटाप्लॉट.वाय (डेटा), एफ.डेटाप्लॉट.वायएर (त्रुटी), एफ.मॉडेलप्लॉट.वाय (मॉडेल), आर.वाय आणि डी.वाय.

मॉडेलसाठी गेट_मॉडेल_प्लॉट वापरायचा मोह होतो, नाव तर तसंच आहे. पण ग्रुप केलेल्या स्पेक्ट्रमसाठी तो मॉडेल ग्रुपिंग सोडून, मूळ चॅनेलवर देतो. मग डेटाचा स्तंभ आखूड, मॉडेलचा लांब, आणि वजाबाकी करताना पायथन लांबी जुळत नाही म्हणून ओरडतो. ओरडला तर बरं. काही वेळा लोक इंटरपोलेट करून जुळवून घेतात आणि चुकीचे आकडे घेऊन पुढे जातात. फिट_प्लॉटमधलं मॉडेल डेटाच्याच ग्रुपिंगवर असतं, तेच घ्या.

आता लिहिणं. शेर्पाची सेव्ह_ॲरेज ही आज्ञा स्तंभांची यादी आणि त्यांची नावं घेते:

सेव्ह_ॲरेज("३सी२७३_पूर्ण.डॅट", [स्तंभांची यादी], फील्ड्स=[नावांची यादी], ॲस्की=ट्रू, क्लॉबर=ट्रू)

मी मात्र नमपाय या पायथनच्या लायब्ररीचं सेव्हटेक्स्ट पसंत करतो, कारण त्याच्या हेडर या घटकात कितीही ओळींचं टिपण घालता येतं आणि प्रत्येक ओळीआधी हॅशचं चिन्ह आपोआप लागतं. कॉलम_स्टॅकने सगळे स्तंभ एकत्र करा, एफएमटी मध्ये "%.६ई" द्या, नाहीतर प्रत्येक आकडा अठरा दशांशांपर्यंत लांबतो. नंतर लोडटेक्स्टने वाचताना हॅशच्या ओळी आपोआप गाळल्या जातात, म्हणजे टिपण डोळ्यांना दिसतं आणि प्रोग्रामच्या मध्ये येत नाही.

हेडरमध्ये काय लिहायचं? मूळ पीएचए फाइलचं नाव आणि ऑब्झर्व्हेशन आयडी. शो_फिल्टरने दिलेला खरा पट्टा. ग्रुपिंगची पद्धत आणि आकडा. पार्श्वभूमी वजा केली की मॉडेल केली. स्टॅटिस्टिकचं नाव आणि त्याची अंतिम किंमत. मॉडेलचं पूर्ण सूत्र, पॅरामीटरच्या किमती, त्यातले फ्रीझ कुठले. स्तंभांची नावं एककांसह. चाओ आणि कॅलडीबी (कॅलिब्रेशनच्या फाइलींचा संग्रह) यांच्या आवृत्त्या. टर्मिनलवर चाओव्हर दिल्यावर त्या कळतात. कॅलडीबीची आवृत्ती लोक हमखास सोडतात. चंद्राच्या एसिस कॅमेऱ्यासमोरच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं मळ साचत गेला आहे, त्याने १ केईव्हीखालची संवेदनशीलता घटली, आणि त्याचं कॅलिब्रेशन वेळोवेळी सुधारलं जातं. वेगळ्या कॅलडीबीने बनवलेल्या एआरएफमुळे खालच्या ऊर्जेचे रेसिड्युअल सरकलेले दिसू शकतात, स्रोताचा त्यात काही हात नसतो.

याशिवाय दोन फाइली फुकटात मिळतात, त्या काढून ठेवा. सेव्ह_ऑल("फिट.पीवाय") ही आज्ञा चालू सत्र पुन्हा उभं करणारी पायथन स्क्रिप्ट लिहिते. डेटा तिच्यात नसतो, फक्त फाइलींची नावं असतात, तेव्हा डेटाचं फोल्डर हलवलं तर वाट दुरुस्त करावी लागेल. नुसतं सेव्ह() पिकल फाइल बनवतं. ती मजकूर म्हणून वाचता येत नाही, आणि शेर्पाची आवृत्ती बदलल्यावर तिच्या भरवशावर राहू नये.

फाइल बरोबर आहे का, याची एक बेरीज

सगळ्यात उपयोगी तपासणी दोन मिनिटांची आहे. फाइल परत वाचा, डेल्चीच्या स्तंभाचा वर्ग करून बेरीज घ्या. शेर्पात कॅल्क_स्टॅट() काय देतो ते बघा. काय-स्क्वेअर प्रकारचं स्टॅटिस्टिक असेल आणि एकच डेटासेट असेल, तर दोन्ही आकडे जुळायलाच हवेत, शेवटच्या एखाद्या दशांशाचा फरक सोडून.

जुळले नाहीत तर कारण बहुधा यातलं असतं: फिटनंतर ग्रुपिंग बदललं, पट्टा बदलला, किंवा स्टॅटिस्टिक बदलून पुन्हा फिट न करता साठवलं. दुसरी तपासणी त्याहून सोपी: डेटाच्या स्तंभातून मॉडेलचा वजा करा, रेसिडच्या स्तंभाशी ताडून पाहा. प्रत्येक ओळ जुळली पाहिजे.

सीस्टॅट किंवा कॅश (काउंट कमी असताना वापरायची स्टॅटिस्टिक) वापरून फिट केलं असेल तर प्रकरण वेगळं. तिथे फिट करताना प्रत्येक बिनची त्रुटी वापरलेलीच नसते. डेटात आधीपासून त्रुटी नसतील तर शेर्पा डेल्ची देण्याऐवजी चूक दाखवतो, आणि ते योग्यच आहे. साधे रेसिड्युअल मात्र मिळतात. दाखवण्यापुरती डेल्ची हवी असेल तर फिट झाल्यावर, पॅरामीटर न हलवता, डेटा वीसच्या ग्रुपमध्ये बांधा, सेट_स्टॅट("काय२एक्सस्पेकव्हार") करा, फाइल काढा आणि सगळं मूळ जागी आणा. हेडरमध्ये स्वच्छ लिहा: फिट सीस्टॅटने, ग्रुपिंग आणि त्रुटी फक्त दाखवण्यासाठी. या फाइलमधल्या वर्गांच्या बेरजेचा सीस्टॅटच्या किमतीशी संबंध जोडू नका.

एक्सस्पेकमध्ये

एक्सस्पेकला शेर्पासारखी थेट साठवण्याची आज्ञा नाही. इथे आलेख काढणारा पीएलटी हा भाग वेगळा आहे, आणि त्याला सांगून फाइल लिहून घ्यावी लागते. फिट झाल्यावर:

सीपीडी /नल
सेटप्लॉट एनर्जी
सेटप्लॉट कमांड डब्ल्यूडेटा रेसिड.क्यूडीपी
प्लॉट रेसिड
सेटप्लॉट डिलीट ऑल

पहिल्या ओळीने आलेखाची खिडकी उघडत नाही, सर्व्हरवर काम करताना ती लागतेच. दुसरी विसरलात तर आडव्या अक्षावर चॅनेल क्रमांक येतील. तिसरी ओळ "पुढचा आलेख काढताना डेटा या फाइलमध्ये लिही" असं नोंदवून ठेवते, चौथीने ते घडतं. पाचवी नसेल तर यापुढचा प्रत्येक आलेख त्याच फाइलमध्ये लिहायला जाईल. पाचवी ओळ विसरून रेसिड्युअलच्या नावाच्या फाइलमध्ये मॉडेलचा आलेख जाऊन बसणं हा प्रकार नेहमीचा आहे.

हाताने करायचं तर आयप्लॉट रेसिड द्या आणि पीएलटीच्या प्रॉम्प्टवर डब्ल्यूडेटा आणि फाइलचं नाव. डब्ल्यूएन्व्ह दिलं तर सोबत आलेखाची सजावट सांभाळणारी पीसीओ फाइलही मिळते.

क्यूडीपी फाइल साधा मजकूर असते. सुरुवातीला "रीड सेर १ २" अशी ओळ, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या राशीसोबत त्यांच्या त्रुटींचे स्तंभ आहेत. मग पहिले चार स्तंभ: ऊर्जा, अर्धी रुंदी, रेसिड्युअल, त्याची त्रुटी. शेर्पाच्या झटपट फाइलमध्ये जे हरवतं ते इथे आपोआप मिळतं, हे एक्सस्पेकच्या बाजूने. एकाहून जास्त स्पेक्ट्रम असतील तर दोन गटांच्या मध्ये नुसत्या "नो" शब्दांची ओळ येते. नमपाय तिथे अडखळतो. ॲस्ट्रोपायचा टेबल.रीड, फॉरमॅट "ॲस्की.क्यूडीपी" आणि टेबल_आयडी देऊन, गट वेगळे करून वाचतो.

आता इथला मोठा खड्डा. सेटप्लॉट रीबिन ही आज्ञा फक्त आलेखासाठी बिन एकत्र करते, फिटवर तिचा परिणाम नाही. पण डब्ल्यूडेटा आलेखातलेच आकडे लिहितो. कोणी देखणं चित्र काढण्यासाठी सेटप्लॉट रीबिन ५ २० केलेलं असेल, तर फाइलमध्ये ते एकत्र केलेले बिन जातील आणि डेल्चीच्या वर्गांची बेरीज काय-स्क्वेअरशी जुळणार नाही. शेर्पातली बेरजेची तपासणी इथेही लागू पडते, करूनच घ्या. डेल्चीत एक फरक ध्यानात ठेवा: स्टॅटिस्टिक सीस्टॅट असेल तर एक्सस्पेक अडत नाही, मॉडेलच्या काउंटच्या वर्गमुळावरून त्रुटी काढून डेल्ची देतो. वरच्या उदाहरणातला २.३१ हा तो आकडा.

इग्नोर (पट्टा वगळण्याची आज्ञा) देताना दशांशचिन्ह विसरू नका. इग्नोर १-५ म्हणजे चॅनेल १ ते ५, इग्नोर १.०-५.० म्हणजे ऊर्जा. फाइलमध्ये अनपेक्षित पट्टा दिसला तर पहिला संशय इथे घ्यावा.

पायथनमधून काम करणाऱ्यांना पायएक्सस्पेक सोयीचं. प्लॉट.एक्सॲक्सिस केईव्ही करा, प्लॉट("रेसिड") बोलवा, मग प्लॉट.एक्स(), प्लॉट.एक्सएर(), प्लॉट.वाय(), प्लॉट.वायएर() थेट यादी म्हणून मिळतात, आणि हेडरसकट सेव्हटेक्स्ट वापरता येतं. क्यूडीपीच्या वाटेला जावंच लागत नाही.

ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला उडाला. त्यावरच्या एसएक्सटी या मुंबईच्या टीआयएफआरने बांधलेल्या मृदू एक्स-रे दुर्बिणीच्या स्पेक्ट्रममध्ये १.८ आणि २.२ केईव्हीच्या आसपास रेसिड्युअल डोकं वर काढतात. पहिली जागा डिटेक्टरमधल्या सिलिकॉनच्या कडेची (कड म्हणजे जिथे त्या मूलद्रव्याचं शोषण एकदम बदलतं ती ऊर्जा), दुसरी आरशांवरच्या सोन्याच्या कडेची. त्यासाठी एक्सस्पेकमध्ये गेन फिट (ऊर्जामापनातला सरकाव दुरुस्त करणारी आज्ञा) करून उताराची किंमत १ वर ठेवतात आणि ऑफसेट मोकळा सोडतात. असं केलं असेल तर ऑफसेटची किंमत, आणि सिस्टिमॅटिक त्रुटी किती टक्के जोडली तेही, रेसिड्युअलच्या फाइलमध्ये लिहा. दोन जणांच्या फाइली शेजारी ठेवून "तुझ्याकडे सोन्याची कड दिसते, माझ्याकडे नाही" असा वाद व्हायचा तो यामुळेच. चंद्राच्या आरशांवर इरिडियमचा थर आहे, त्याच्या कडा २ केईव्हीच्या किंचित वर पडतात. तिथला लहानसा उंचवटा पाहून नवी रेषा सापडली म्हणण्याआधी हे आठवावं.

प्रतिमा असेल तर

शेर्पात लोड_इमेजने आणलेल्या प्रतिमेवर बीटा२डी किंवा गॉस२डी बसवलं असेल तर तेच सेव्ह_रेसिड("रेसिड.फिट्स") तक्त्याऐवजी प्रतिमा लिहितं. डीएस९ या प्रतिमा बघायच्या प्रोग्राममध्ये उघडून मूळ प्रतिमेशी जुळवून पाहता येते. दीर्घिकांच्या समूहातल्या पोकळ्या शोधणारे लोक हेच करतात: गुळगुळीत बीटा मॉडेल वजा करायचं आणि काय खोल राहतं ते बघायचं. इथे ॲस्की मागू नका, पिक्सेलची यादी कुणालाच नको असते.

गॅलफिट (दीर्घिकांच्या प्रतिमांवर मॉडेल बसवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांना वेगळं काही करायचंच नसतं. त्याच्या इनपुट फाइलमधल्या बी या अक्षराच्या ओळीत दिलेल्या नावाने तो एक फिट्स संच लिहितो: पहिल्या विस्तारात मूळ प्रतिमेचा तुकडा, दुसऱ्यात मॉडेल, तिसऱ्यात रेसिड्युअल. मात्र ही तिसरी प्रतिमा सिग्माने भागलेली नसते. दीर्घिकेच्या केंद्राशी भडक रेसिड्युअल दिसतात तेव्हा ते खरोखर मोठे आहेत की तिथे प्रकाशच जास्त आहे, हे सिग्मा प्रतिमेने भागल्याशिवाय ठरवू नये.

रेडिओकडे

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा कासा या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन बसणाऱ्यांसाठी थोडक्यात. टीक्लीन ही आज्ञा प्रतिमा बनवताना ".रेसिड्युअल" शेवट असलेली प्रतिमा आपणहून टाकून ठेवते. आयएमफिटने स्रोतावर गॉसियन बसवायचा असेल तर त्याच आज्ञेत रेसिड्युअल आणि मॉडेल या दोन घटकांना फाइलीची नावं द्या, नाहीतर त्या प्रतिमा लिहिल्याच जात नाहीत. दुसऱ्या प्रोग्राममध्ये न्यायच्या तर एक्सपोर्टफिट्स.

प्रतिमेत नव्हे, थेट व्हिजिबिलिटीमधून (अँटेनांच्या जोड्यांच्या मूळ मापनांतून) मॉडेल वजा करायचं असेल तर यूव्हीसब. ही आज्ञा वेगळी फाइल काढत नाही. त्याच मेझरमेंट सेटमधल्या (कासाच्या डेटासंचातल्या) करेक्टेड डेटाच्या स्तंभातून मॉडेल वजा करून उरलेलं तिथेच लिहिते. आज्ञा दोनदा चालली तर मॉडेल दोनदा वजा होतं, आणि प्रतिमेत स्रोतांच्या जागी उणे भोकं दिसतात. म्हणून आधी स्प्लिटने वेगळी प्रत काढा, त्या प्रतीचं नाव रेसिड्युअलचं आहे हे कळेल असं ठेवा, तिच्यात मॉडेल भरा आणि यूव्हीसब तिच्यावरच चालवा. चुकून मूळ सेटवर चाललंच, आणि मॉडेलचा स्तंभ अजून तोच असेल, तर रिव्हर्स=ट्रू देऊन तीच आज्ञा पुन्हा चालवली की वजा केलेलं परत मिळवलं जातं.